लाइन हलली तरी एचटी हलू नये

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी सात वाजता प्लगला मीटर लावला, तर १७५ व्होल्ट दिसतात. कधी १७०. ओलिताच्या मोटारी चालू, घरोघरी लाइट लागलेले, आणि डीपी एकच. रात्री दोनला मोटारी बंद झाल्या की त्याच प्लगला २५५-२६० येतात. अँप्लिफायरच्या पाटीवर मात्र २३० लिहिलेलं असतं, आणि आतलं सगळं गणित त्या २३० वर बांधलेलं असतं.

देवळातल्या भजनी मंडळाकडे व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर आहे. ६एल६ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह, पुश-पुल जोडलेले, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. हार्मोनियम, खंजिरी आणि दोन माइक एवढंच त्याचं काम, पण त्यातून निघणारा आवाज इतका भरीव आहे की मंडळाने नवा बॉक्स आणून परत केला. तक्रार एकच होती. बुवा म्हणायचे, "भाऊ, सात वाजताच आवाज काहून बसते जी?" भजनाची वेळ तीच आणि लाइन बसण्याचीही तीच. त्या एका प्रश्नापायी मी हाय व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे लाइन हलली तरी आतलं व्होल्टेज एकच ठेवणारी जोडणी, बांधायला शिकलो. तो कसा चालतो आणि खेड्यातल्या लाइनवर बांधताना काय वेगळं करावं लागतं, ते इथे सांगतो.

आधी व्हॉल्व्ह. काचेच्या आत मधोमध कॅथोड असतो, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट असते. प्लेटवर तीन-चारशे व्होल्ट डीसी दिलं की ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. ह्या व्होल्टेजला मेकॅनिक लोक एचटी, म्हणजे हाय टेन्शन, म्हणतात. कॅथोड आणि प्लेटच्या मध्ये जाळ्या, म्हणजे ग्रिड. पहिल्या ग्रिडवर माइकचा सिग्नल येतो आणि तो प्रवाह कमी-जास्त करतो. ६एल६ सारख्या व्हॉल्व्हमध्ये आणखी एक जाळी असते, तिला स्क्रीन म्हणतात. आपल्या कामाची खरी गोष्ट तीच आहे.

स्क्रीन कॅथोडच्या जवळ आणि प्लेटच्या आड उभी असते. त्यामुळे कॅथोडमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनला प्लेटची ओढ फारशी जाणवतच नाही, जाणवते ती स्क्रीनची. तिच्या ओढीने ते धावत येतात, बहुतेक जण जाळीच्या फटींतून पार होतात आणि प्लेटवर आदळतात. म्हणून प्लेटचं व्होल्टेज ३८० चं ४३० झालं तरी प्रवाहात थोडाच फरक पडतो. स्क्रीनवर तेवढा बदल झाला तर सगळा व्हॉल्व्हच बदलल्यासारखा वागतो.

आता आकडे बघा. ६एल६ च्या प्रसिद्ध जोडणीत, म्हणजे प्लेटला ३६० आणि स्क्रीनला २७० व्होल्ट देऊन, दोन व्हॉल्व्ह मिळून साडेसव्वीस वॅट देतात. त्यात दोन्ही स्क्रीन मिळून शांत असताना ५ मिलिअँपिअर घेतात, आणि पूर्ण आवाजात १५. जुन्या अँप्लिफायरमध्ये स्क्रीनचं व्होल्टेज बहुधा नुसत्या रेझिस्टन्समधून काढलेलं असतं. समजा तो १० किलोओहमचा आहे. ५ मिलिअँपिअरला त्यात ५० व्होल्ट पडतात, १५ ला १५०. म्हणजे बुवांनी वरची पट्टी घेतली, खंजिरी जोरात वाजली, की नेमक्या त्याच क्षणी स्क्रीनचे शंभर व्होल्ट खाली बसतात. कंडेन्सर थोडा वेळ सांभाळतो, पण लांब ओढलेल्या स्वराला तो पुरत नाही. लाइन आधीच कमी, त्यात हे. आवाज बसतो तो इथे.

रेग्युलेटर म्हणजे काय, हे संत्र्याच्या बागेत ठिबक लावलेल्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं. विहिरीवरून येणाऱ्या मुख्य पाइपात दाब वर-खाली होत असतो. तरी बागेच्या तोंडाशी आपण कॉक थोडा दाबून ठेवतो आणि आतल्या नळ्यांना एकाच दाबाने पाणी देतो. मुख्य पाइपात दाब वाढला की कॉक आवळायचा, कमी झाला की सैल करायचा. ह्यासाठी तीन गोष्टी लागतात: दाब किती हवा त्याची खूण, ती खूण आणि खरा दाब यातला फरक बघणारा डोळा, आणि कॉक फिरवणारा हात. विजेच्या रेग्युलेटरमध्ये खूण झेनर डायोड ठेवतो, त्याच्या दोन टोकांत ठरावीकच व्होल्टेज राहतं. डोळा आणि हात ही दोन्ही कामं साध्या जोडणीत एकटा मॉस्फेट, म्हणजे तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर, करतो.

ह्या उपमेतच रेग्युलेटरची मर्यादाही आहे. कॉक दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. मुख्य पाइपातच पाणी नसेल तर तो पूर्ण उघडूनही उपयोग नाही. म्हणून बाहेर जेवढे व्होल्ट हवेत, त्याहून जास्त आत आले पाहिजेत, आणि तेसुद्धा लाइन सगळ्यात खाली असताना. शहरात काढलेल्या जोडणीच्या नकाशांत २३० ला धरून दहा-पंधरा टक्के वर-खाली सोडलेले असतात. मी आमच्या प्लगचे आकडे आठ-दहा दिवस वहीत लिहिले आणि १७० ते २६० ही कक्षा धरली. रेग्युलेटर बांधायच्या आधी हे करावंच. तुमच्या डीपीचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतात.

माझा ट्रान्सफॉर्मर २८० व्होल्ट देणारा आहे. तालुक्याला पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या वायंडिंगवाल्याकडूनच तो भरून घेतला, काम उत्तम झालं. रेक्टिफाय करून, म्हणजे एसीचं डीसी करून, कंडेन्सरवर, अँप्लिफायरचा भार असताना, २३० च्या लाइनला साधारण ३८० व्होल्ट मिळतात. लाइन १७० झाली की ते २८१ होतात, २६० झाली की ४३०. त्यावर १०० हर्ट्झची लाट असते. १३० मिलिअँपिअर भार आणि ११० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर धरला, तर ही लाट जवळपास १२ व्होल्टची येते. म्हणजे सगळ्यात वाईट क्षणी हातात २६९ व्होल्ट. मॉस्फेटला स्वतःसाठी ४ व्होल्ट लागतात. म्हणून मी बाहेरचा आकडा २७० न धरता २५० धरला. थोडे वॅट कमी झाले, पण देवळाच्या ओसरीत ते कोणाच्या कानाला कळत नाहीत.

अख्ख्या अँप्लिफायरलाच रेग्युलेटर का नाही लावायचा, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर उष्णतेत आहे. रेग्युलेटर जे व्होल्ट अडवतो ते गरम होऊन जातात. रात्री आत ४३०, बाहेर २५०, म्हणजे १८० व्होल्ट अडवायचे. १३० मिलिअँपिअरला हे २३ वॅट झाले. तापलेलं लहान सोल्डरिंग आयर्न पेटीत ठेवल्यासारखं. फक्त स्क्रीन आणि पुढचे लहान व्हॉल्व्ह घेतले तर प्रवाह २० मिलिअँपिअर, आणि उष्णता ३.६ वॅट. मेमध्ये आमच्याकडे सावलीतच ४५ अंश असतात, तेव्हा हा फरक जीवन-मरणाचा ठरतो. शिवाय पुश-पुलमध्ये प्लेटकडून येणारी गुणगुण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्यांत एकमेकींना मारून टाकते. माझं स्पष्ट मत आहे: पुश-पुलच्या प्लेटला रेग्युलेटर लावू नका, तो पैसा स्क्रीन आणि माइकच्या टप्प्यावर खर्च करा.

आता जोडणी. कच्च्या, म्हणजे रेग्युलेटरच्या आधीच्या, एचटीतून ४७ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टन्स. त्याच्या पुढे ५१ व्होल्टचे पाच झेनर एकामागे एक, जमिनीपर्यंत. ही आपली २५५ व्होल्टची खूण. झेनर उन्हात थोडे वर सरकतात, ह्या व्होल्टेजचे साधारण अंशाला एक दशांश टक्का. हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आठ-नऊ व्होल्टचा फरक पडेल. स्क्रीनला तेवढा चालतो.

झेनर खुणेसोबत बारीक खरखरही देतात. ती गाळायला पुढे १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड. १०० हर्ट्झला १० मायक्रोफॅरडचा अडथळा फक्त १६० ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे उरलीसुरली लाट इथे सहाशेपट कमी होते. हा कंडेन्सर मी मोटारवाल्याच्या दुकानातून आणला. पंपाच्या मोटारीला लागणारा, ४४० व्होल्ट एसीचा रनिंग कंडेन्सर, आत पॉलिप्रॉपिलिनचा पापुद्रा. गळती नाही, वर्षानुवर्षं टिकतो, आणि कोणत्याही तालुक्याला मिळतो. मात्र स्टार्टिंगचा कंडेन्सर आणू नका. तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, सतत व्होल्टेजवर तापून फुगतो.

मग ही गाळलेली खूण मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे कॉकच्या मुठीला, कच्ची एचटी ड्रेन ह्या आत येणाऱ्या पायाला, आणि सोर्स ह्या तिसऱ्या पायातून आपले २५१ व्होल्ट बाहेर. भाराने जास्त ओढलं की सोर्स खाली यायला बघतो, गेट आणि सोर्समधलं अंतर वाढतं, मॉस्फेट जास्त उघडतो. भार कमी झाला की उलट. गेट प्रवाह घेत नाही, म्हणून १०० किलोओहममध्ये काही वाया जात नाही. आणखी एक फायदा असा की १० मायक्रोफॅरड भरायला काही सेकंद लागतात, तेवढ्या वेळात बाहेरचं व्होल्टेज हळूहळू चढतं. एकदम धक्का बसत नाही.

पहिल्या वेळी मी एवढंच बांधलं आणि थांबलो. टेबलावर मोजताना मीटरच्या वायरचं टोक पिनवरून घसरलं आणि बाहेरची तार चेसिसला लागली. एक टक्क आवाज झाला. मी खाली बघेपर्यंत दोन्ही ६एल६ च्या आतल्या बारीक तारा नारिंगी झाल्या होत्या. प्लग उपटला, तरी एक व्हॉल्व्ह गेलाच. काय झालं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक रेग्युलेटर असेच मरतात. सोर्स एका क्षणात शून्यावर आला, गेट २५५ वरच राहिलं. गेट आणि सोर्समध्ये ह्या मॉस्फेटला २० व्होल्टच चालतात. आतला काचेसारखा पातळ थर फुटला. आणि मॉस्फेट फुटला की बहुधा आरपार शॉर्ट होतो, उघडा पडत नाही. म्हणजे रेग्युलेटर मेल्यावर पुढच्या सगळ्याला कच्ची एचटी जाते.

त्यावर उपाय स्वस्त आहेत आणि एकही वगळू नये. गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर. कंडेन्सरपासून गेटपर्यंत १० किलोओहम, म्हणजे शॉर्ट झाला तरी कंडेन्सरचा साठा झेनरमधून २५ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. गेटच्या पायालाच चिकटून शंभरेक ओहमचा लहान रेझिस्टन्स, नाहीतर मॉस्फेट आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने स्वतःच थरथरतो आणि विनाकारण तापतो. सोर्सच्या वाटेत १५ ओहम आणि त्यावर नजर ठेवणारा बीसी ५४७ हा एक लहान ट्रान्झिस्टर. प्रवाह ४० मिलिअँपिअरला पोहोचला की १५ ओहमवर ०.६ व्होल्ट पडतात, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि गेट खाली ओढतो. शॉर्ट असतानाही मॉस्फेटवर १७ वॅटच येतात. मोठ्या हीट सिंकवर तो तेवढा वेळ तग धरतो की आपण स्विच बंद करू शकू. फ्यूज लावा, पण मॉस्फेट वाचवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. फ्यूजची तार वितळेपर्यंत मॉस्फेट गेलेला असतो.

मॉस्फेटही बदलला. आधी आयआरएफ ८४० होता, तो ५०० व्होल्टचा. पण रात्री २६० च्या लाइनवर अँप्लिफायर चालू केला, तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत भार नसतो आणि कच्ची एचटी ४५० च्या पुढे जाते. मधलं अंतर फारच थोडं. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांत ८०० व्होल्टचे मॉस्फेट सहज मिळतात, तो घेतला. त्याच कारणाने मुख्य कंडेन्सर ४५० व्होल्टचा एक न लावता ३५० व्होल्टचे, २२० मायक्रोफॅरडचे दोन एकामागे एक लावले, प्रत्येकाला २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टन्स समांतर. दोघांना सारखा वाटा मिळतो आणि बंद केल्यावर साठा हळूहळू संपतो.

हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा. ४३० व्होल्टवरून ५० च्या खाली यायला पावणेदोन मिनिटं लागतात. प्लग काढला म्हणजे पेटी मेली असं समजून हात घालायचा नाही. आधी मीटर, मग हात. डावा हात पाठीमागे, पायात कोरडी रबरी चप्पल, आणि आसपास कोणीतरी मोठं माणूस. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून करा. बल्ब झगझगीत राहिला तर आत चूक आहे. मॉस्फेटची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर पूर्ण कच्ची एचटी. मध्ये अभ्रकाची पट्टी घालून मगच हीट सिंकला कसा आणि हीट सिंक अर्थ करा. ती अर्थिंगही तपासा. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जमिनीतला रॉड कोरडा पडतो. एप्रिलपासून मी अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

रेग्युलेटर लागला, स्क्रीन २५१ वर खिळली, आणि मला वाटलं काम झालं. मग एक नवीनच दुखणं निघालं. रात्री उशिरा, कीर्तन संपता संपता, हळू आवाजातली हार्मोनियम खरबरीत लागायची. मोठा आवाज स्वच्छ, बारीक आवाज फाटलेला. दोन दिवस मी माइकच्या वायरी बदलत बसलो. कारण होतं बायस. पहिल्या ग्रिडला उणे २० व्होल्ट दिलेले असतात, व्हॉल्व्ह शांत असताना किती प्रवाह वाहील ते त्यावर ठरतं. जुन्या व्यवस्थेत लाइन चढली की स्क्रीन आणि बायस दोन्ही एकत्र चढायचे आणि एकमेकांना बरंच सावरून घ्यायचे. मी स्क्रीन बांधून टाकली आणि बायस मोकळा ठेवला. लाइन २६० झाली की बायस साडेबावीसच्या वर जायचा, स्क्रीन मात्र तिथेच, त्यामुळे व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडायला लागायचे. संध्याकाळी १७० ला उलट, बायस पंधरावर आणि प्रवाह फाजील. बायसलाही १० व्होल्टचे दोन झेनर लावले, काम अर्ध्या तासाचं होतं, आणि खरखर गेली. एक बाजू बांधली की दुसरी बांधावीच लागते, हे ह्या जोडणीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बायस कधीही सुटू नये म्हणून त्याचे टाके दोनदा बघा. बायस गेला की प्लेटा लाल होतात.

जुन्या काळी झेनरच्या जागी गॅस भरलेले व्हॉल्व्ह असायचे. ओए२ हा १५० व्होल्टचा, ओबी२ हा १०८ चा. दोन एकामागे एक लावले की २५८. पेटल्यावर आत मंद जांभळट प्रकाश पडतो, बघत राहावं असा. मी लावून पाहिले. पण त्यांना पेटायला चालण्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, जोडीला तीनशेच्या पुढे. संध्याकाळी सातला आमच्याकडे कच्ची एचटीच २८१. ते पेटतच नाहीत. सुंदर वस्तू आहे, पण आमच्या लाइनसाठी नाही.

ज्यांना फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, टप्प्यासारखं नाजूक काम करायचं आहे, त्यांनी नॅशनल सेमिकंडक्टरच्या मायकेल मैडा यांनी १९८० मध्ये मांडलेली जोडणी बघावी. त्यात एलएम ३१७ ही साधी, ४० व्होल्टपर्यंतचीच चिप हवेत तरंगत ठेवतात. तिच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये काही व्होल्टचाच फरक असतो, बाकीचा सगळा भार वरचा ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट उचलतो. चिप आपल्या १.२५ व्होल्टच्या खुणेशी बाहेरचं व्होल्टेज सतत ताडून बघते, त्यामुळे पकड माझ्या जोडणीपेक्षा कितीतरी घट्ट. पण शॉर्ट झाला तर चिप वाचवायला जास्त राखण लागते. भजनाच्या अँप्लिफायरला मला ती गरजेची वाटली नाही.

पेटी कुठे ठेवता तेही बघा. कपाशीच्या हंगामात आमच्या हवेत रुईचा बारीक फुसका असतो. तो हीट सिंकच्या पात्यांत बसतो, आणि पावसाळ्यात ओला होऊन उघड्या टाक्यांमध्ये वीज वाहायला लागते. चारशे व्होल्टच्या दोन टाक्यांमध्ये मी बोटभर अंतर ठेवतो आणि दिवाळीआधी, होळीनंतर ब्रश मारतो. मागच्या झाकणाच्या भोकांना जाळीही लावा. उबेला पाल आत जाते आणि तिच्या जिवासोबत तुमचा मॉस्फेटही जातो.

एक गोष्ट रेग्युलेटरने सुटत नाही. व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टचा असतो आणि तो त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालतो. लाइन १७० झाली की त्याला ४.७ व्होल्टच मिळतात, कॅथोड पुरेसा तापत नाही. हीटरला दहा टक्क्यांची हालचाल चालते, पंचवीसची नाही. त्यासाठी शेवटी बाहेर स्टॅबिलायझर लावला. तो हीटर सांभाळतो, पण रिलेवर चालतो, पायरीने उडी मारतो. त्या उड्या रेग्युलेटर गिळतो.

मागच्या एकादशीला भजन चालू असताना मी पेटीमागे बसून होतो, मीटर ६एल६ च्या चार नंबरच्या पिनवर, म्हणजे स्क्रीनवर. सव्वासातला मळ्याकडच्या मोटारी लागल्या. देवळातला बल्ब मंद झाला, स्टॅबिलायझर टक करून चढला, प्लेटच्या मीटरवर वीस-पंचवीस व्होल्टची उडी दिसली. बुवांनी वरचा षड्ज लावून धरला होता. चार नंबरच्या पिनवर २५१ होते, आणि स्वर संपेपर्यंत २५१ च राहिले.